अपडेट केलं की कमांड गायब: स्क्रिप्टच्या सिमलिंक दर वेळी का तुटतात

लक्षण साधारण असं असतं. नव्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकलं की सगळं नीट चालतं. पुढचं अपडेट येतं, विनातक्रार पार पडतं, आणि त्यानंतर कमांड दिली तर शेल म्हणतो ‘कमांड नॉट फाउंड’. पॅकेज काढून पुन्हा टाकलं की परत चालू. तिकीट बंद होतं आणि पुढच्या अपडेटला तेच तिकीट पुन्हा उघडतं. कधी दुखणं तेच, पण रूप वेगळं: कमांड चालते, पण जुन्याच आवृत्तीची. किंवा फाइल डोळ्यांसमोर दिसत असताना शेल ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणून हात वर करतो.

‘काढून पुन्हा टाका’ हा सल्ला इथे सगळ्यात वाईट. त्याने लक्षणाबरोबर पुरावाही जातो. आधी काय मोडलंय ते बघा.

पुढच्या उदाहरणांत पॅकेजचं नाव ‘अबक’ धरलंय. त्याच्या स्क्रिप्ट /यूएसआर/लिब/अबक मध्ये असतात आणि लोक त्या ज्या नावांनी चालवतात ती नावं /यूएसआर/बिन मध्ये सिमलिंक म्हणून (म्हणजे दुसऱ्या फाइलकडे, टार्गेटकडे, बोट दाखवणाऱ्या लिंका) असतात. बहुतेक लिनक्स वितरणांची मांडणी याच धर्तीची.

आधी लिंक बघा, मग ती नेते ते ठिकाण

पहिली कमांड ‘टाइप -ए अबक-तपास’. ‘विच’पेक्षा ही बरी, कारण पाथमधल्या (शेल कमांडी जिथे शोधतो त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीतल्या) सगळ्या जागा ती दाखवते, शिवाय एखादं एलियस किंवा फंक्शन आडवं आलंय का तेही सांगते. कुणीतरी कधीकाळी /यूएसआर/लोकल/बिन मध्ये हाताने टाकलेली लिंक पाथमध्ये आधी लागते आणि पॅकेजची खरी लिंक मागे राहते, हे वाटतं त्यापेक्षा फार जास्त वेळा निघतं. अपडेट होऊनही जुनी आवृत्तीच चालत असेल तर पहिला संशय इथे घ्या.

बॅशही थोडा घोळ घालतो. एकदा सापडलेल्या कमांडचा पूर्ण पाथ तो त्या सत्रापुरता लक्षात ठेवतो. अपडेटने कमांड एका डिरेक्टरीतून दुसरीकडे हलवली, तर आधीपासून उघड्या असलेल्या टर्मिनलात शोध जुन्याच जागी होतो. नवं टर्मिनल उघडलं की सगळं ठीक. ‘हॅश -आर’ दिलं की ही आठवण पुसली जाते. यात पॅकेजचा काहीच दोष नाही.

त्यानंतर ‘एलएस -एल’ आणि ‘नेमआय -एल’. पहिली कमांड लिंकमध्ये काय लिहिलंय ते दाखवते. दुसरी त्या पाथची एकेक पायरी उलगडून दाखवते, मधल्या लिंका आणि प्रत्येक डिरेक्टरीच्या परवानग्यांसकट. लिंकच्या स्वतःच्या परवानग्या बघत बसू नका. लिनक्सवर त्या कायम सगळ्यांना सगळं मोकळं अशाच दिसतात आणि चालवताना त्यांना कुणी विचारत नाही. ‘परमिशन डिनाइड’ येत असेल तर टार्गेटचा एक्झिक्यूट बिट गेलाय, नाहीतर वाटेतली एखादी डिरेक्टरी बंद आहे.

‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ या एकाच वाक्यामागे तीन निरनिराळी दुखणी असतात. लिंक आहे पण टार्गेट नाही, हे एक. टार्गेट आहे, पण त्याच्या पहिल्या ओळीतल्या शेबँगमधला (#! नंतर लिहिलेला) इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, त्या मशीनवर नाही, हे दुसरं. शेबँगमधला पाथसुद्धा बऱ्याचदा सिमलिंकच असतो हे लक्षात ठेवा. नुसतं ‘पायथन’ हे नाव धरून बसलेल्या स्क्रिप्ट, ते नाव नव्या आवृत्तीत काढून टाकणाऱ्या वितरणावर अशाच पडल्या. आणि तिसरं म्हणजे पहिल्या ओळीच्या शेवटी विंडोजचं कॅरेज रिटर्न राहिलंय, त्यामुळे कर्नल ‘बॅश’च्या शेवटी तो न दिसणारा वर्ण चिकटवून शोधतोय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, तेव्हा संदेश वाचून लगेच लिंक नव्याने बनवायला घेऊ नका.

जुनं पॅकेज जाता जाता नवी लिंक पुसतं

अपडेटनंतर लिंक मुळीच नसणं, आणि नव्याने टाकलं की असणं, या जोडीचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. आरपीएम (फेडोरासारख्या वितरणांची पॅकेज पद्धत) पॅकेजच्या स्पेक फाइलमध्ये, म्हणजे ते कसं बांधायचं आणि टाकायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, असं काहीतरी लिहिलेलं असतं (%पोस्ट टाकल्यावर चालते, %पोस्टअन काढल्यावर; एलएन लिंक बनवतं, आरएम पुसतं):

%पोस्ट मध्ये: एलएन -एसएफ ../लिब/अबक/तपास /यूएसआर/बिन/अबक-तपास
%पोस्टअन मध्ये: आरएम -एफ /यूएसआर/बिन/अबक-तपास

वाचताना यात काही खटकत नाही. टाकताना बनवा, काढताना पुसा. पण आरपीएमचं अपडेट म्हणजे ‘जुनं काढा, मग नवं टाका’ असं नसतं. आधी नव्या फाइली उतरतात, नव्या पॅकेजची %पोस्ट चालते, त्यानंतर जुन्याच्या फाइली निघतात आणि सगळ्यात शेवटी जुन्या पॅकेजची %पोस्टअन चालते. म्हणजे नव्याने लिंक बनवली आणि जुन्याने जाता जाता ती पुसली. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही.

यासाठीच या स्क्रिप्टना आरपीएम एक आकडा देतं. %पोस्टअनला तो ० मिळाला तर पॅकेज खरंच काढलं जातंय, १ मिळाला तर अपडेट चालू आहे. पुसण्याचं काम ० असेल तरच करायचं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. निसटतं ते पुढचं: तुम्ही आज स्पेक सुधारली तरी येत्या अपडेटला लिंक जाणारच. पुसणारी स्क्रिप्ट जुन्या पॅकेजमधली आहे आणि ती लोकांच्या मशीनवर आधीच जाऊन बसली आहे. ‘दुरुस्त केलं तरी परत तुटलं’ अशी तक्रार येते ती इथून, आणि मग कुणीतरी केलेली बरोबर दुरुस्ती चुकीची समजून मागे घेतं. या मधल्या अपडेटपुरती %पोस्टट्रान्स वापरा. ती सगळा व्यवहार आटोपल्यावर, म्हणजे जुन्या %पोस्टअनच्याही नंतर चालते. लिंक नसेल तर तिथे बनवा. ज्या जुन्या आवृत्तीवरून लोक थेट उडी मारू शकतात ती आवृत्ती वापरातून जाईपर्यंत हा तुकडा ठेवावा लागतो.

डेबियनच्या पॅकेजमध्ये क्रम वेगळा. तिथे जुनी पोस्टआरएम (काढल्यावरची स्क्रिप्ट) आधी चालते आणि नवी पोस्टइन्स्ट (टाकल्यावरची) मागून, त्यामुळे पोस्टइन्स्टमध्ये हाताने बनवलेली लिंक वाचते. गंमत म्हणजे हीच लिंक तुम्ही सुधारणा म्हणून पॅकेजच्या फाइलींत नेली की मात्र ती जाऊ शकते: नव्या फाइली उतरल्यानंतर जुनी पोस्टआरएम ‘अपग्रेड’ हा शब्द घेऊन चालते, आणि ती तो शब्द न बघताच पुसत असेल तर नुकतीच उतरलेली लिंक उडते. म्हणजे मधल्या एका आवृत्तीची तजवीज तिथेही लागतेच.

तरीसुद्धा लिंक पॅकेजच्या फाइलींतच न्या. माझं मत याबाबत ठाम आहे: इन्स्टॉलच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टने सिमलिंक बनवायचं काहीही कारण नसतं, पर्यायांची यंत्रणा वगळता (तिच्याबद्दल पुढे). बिल्डच्या वेळी स्टेजिंगमध्ये (पॅकेज बांधण्याआधी फाइली जिथे मांडतात त्या तात्पुरत्या डिरेक्टरीत) लिंक बनवा आणि साध्या फाइलीसारखी यादीत टाका. मग ती कुणाची तरी होते. ‘आरपीएम -क्यूएफ’ किंवा डेबियनचं पॅकेज साधन ‘डीपीकेजी -एस’ला (कॅपिटल एस) विचारलं तर मालकाचं नाव सांगतं. ‘आरपीएम -व्ही’ (कॅपिटल व्ही) चालवलं तर लिंकचा रोख बदललेला असल्यास त्या ओळीत एल हे अक्षर उमटतं. पुढे कमांडचं नाव बदललं तर जुनी लिंक आपोआप निघते, कारण नव्या यादीत ती नाही. हाताने बनवलेल्या लिंकला यातलं काहीच मिळत नाही. नाव बदललं की ती तुटक्या अवस्थेत वर्षानुवर्षं पडून राहते.

डेबियनवर ‘डीएच-लिंक’ हे काम करतं. पॅकेजच्या लिंक्स फाइलमध्ये दर ओळीला टार्गेट आणि लिंकचं नाव लिहायचं, बाकी ते बघून घेतं. लिंक आणि टार्गेट एकाच वरच्या डिरेक्टरीखाली असतील तर सापेक्ष, वेगवेगळ्या वरच्या डिरेक्टऱ्यांत असतील तर पूर्ण पाथाची, हा डेबियनच्या धोरणातला नियमही तेच पाळतं. इतर वितरणांसाठी बनवत असाल तर अशीच एक साधी यादी स्वतः ठेवा आणि बिल्डमधली एकच पायरी ती वाचून लिंका बनवेल असं करा. चार मेकफाइलींत विखुरलेल्या एलएन कमांडी शोधत फिरण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

एलएन नेमकं कुठे फसवतं

बिल्ड पहिल्यांदा चालतो, दुसऱ्यांदा ‘फाइल एक्झिस्ट्स’ म्हणून अडतो. मग कुणीतरी -एफ (त्या नावाचं असलेलं पुसून नवी लिंक बनवा) जोडतं, आणि तिथून खरी मजा सुरू होते.

समजा /ऑप्ट/अबक मध्ये २.४ आणि २.५ या डिरेक्टऱ्या आहेत आणि ‘चालू’ नावाची लिंक २.४ कडे बघते. आता ‘एलएन -एसएफ २.५ चालू’ दिलं. अपेक्षा अशी की ‘चालू’ २.५ कडे वळेल. प्रत्यक्षात एलएनला ‘चालू’ ही डिरेक्टरी वाटते, ते लिंकवरून आत शिरतं आणि २.४ च्या पोटात २.५ नावाची लिंक बनवून यशाचा कोड परत करतं. ‘चालू’ जिथे होती तिथेच. अपडेट झालं, आवृत्ती मात्र जुनी. खात्री करायची तर जुन्या आवृत्तीच्या डिरेक्टरीत नव्या आवृत्तीच्या नावाची लिंक पडलीय का बघा. असली तर शोध तिथेच संपला. उपाय -एन, आणि जीएनयूचं एलएन असेल तर कॅपिटल टी जास्त स्पष्ट. शेवटचं नाव म्हणजे लिंकच, डिरेक्टरी नाही, असं ते बजावतं.

सापेक्ष लिंकबाबत गोंधळ एकाच गोष्टीचा असतो. लिंकमध्ये लिहिलेला पाथ ती लिंक ज्या डिरेक्टरीत आहे तिथून मोजला जातो, तुम्ही कमांड देताना जिथे उभे होतात तिथून नाही. स्टेजिंगच्या मुळाशी उभं राहून ‘एलएन -एस यूएसआर/लिब/अबक/तपास यूएसआर/बिन/अबक-तपास’ म्हटलं तर लिंक /यूएसआर/बिन/यूएसआर/लिब/अबक/तपास शोधत बसेल. टार्गेट आहे का नाही हे एलएन बघत नाही, त्यामुळे तेव्हा काहीच कळत नाही. लिहायचं होतं ते ../लिब/अबक/तपास.

हा हिशेब टाळायला जीएनयूच्या एलएनमध्ये -आर आहे. ते सापेक्ष पाथ स्वतः काढतं. पण त्याचा एक काटा आहे, आणि तो नेमका आपल्या विषयात रुततो. पाथ काढताना ते वाटेतल्या सगळ्या लिंका सोडवून टाकतं. ‘चालू/बिन/तपास’ कडे -आरने लिंक केली तर लिंकमध्ये ‘चालू’ हे नाव उरतच नाही. तिथे थेट २.४/बिन/तपास लिहिलं जातं. आज चालते. २.५ आल्यावरही चालते, पण जुनी आवृत्ती. मग साफसफाईत २.४ डिरेक्टरी उडते आणि कमांड बंद पडते, अपडेटच्या कितीतरी दिवसांनंतर, जेव्हा अपडेटचा कुणी विचारही करत नसतं. मधल्या लिंकवर मुद्दाम टेकायचं असेल तर -आर नको, पाथ हाताने लिहा.

पूर्ण पाथाच्या लिंकेत वेगळा सापळा आहे. स्टेजिंगसाठी डेस्टडिर (स्टेजिंगचा पाथ सांगणारं बिल्डमधलं चल) वापरताना तो लिंकच्या नावापुढे लावायचा, लिंकमध्ये लिहायच्या टार्गेटपुढे नाही. टार्गेटपुढेही लावला तर पॅकेजमध्ये बिल्ड मशीनच्या तात्पुरत्या डिरेक्टरीकडे बघणारी लिंक जाते. आरपीएमबिल्ड हे पकडतं, लिंक बिल्डरूटकडे (त्याच्या स्टेजिंगकडे) बघते असं सांगून थांबतं. नुसता टारबॉल बनवणाऱ्यांना सांगणारं कुणी नसतं.

लिंक होती, फाइल कशी झाली

ही तक्रार ऐकायला विचित्र वाटते. सोर्समध्ये लिंक, पॅकेजमध्ये त्याच नावाची साधी फाइल, आतला मजकूर बरोबर. पुढच्या अपडेटला मूळ स्क्रिप्ट बदलते, ही प्रत मात्र तशीच राहते किंवा तिच्यात आवृत्तीचा जुना आकडा दिसतो.

गुन्हेगार बहुधा सेड, फाइलींतला मजकूर बदलणारी कमांड. रिलीजच्या आधी ‘सेड -आय’ने सगळ्या स्क्रिप्टमध्ये आवृत्तीचा आकडा भरायची पद्धत सर्रास आहे. सेड जागच्या जागी लिहीत नाही. तात्पुरती फाइल बनवतं आणि जुन्या नावावर आणून ठेवतं. ते नाव लिंकचं असेल तर लिंक जाते, तिच्या जागी साधी फाइल बसते, आणि टार्गेटला हातही लागलेला नसतो. जीएनयूच्या सेडमध्ये ‘फॉलो-सिमलिंक्स’ हा पर्याय आहे, पण मला ‘फाइंड’ला ‘टाइप एफ’ सांगून फक्त खऱ्या फाइलींवर सेड चालवणं जास्त सुरक्षित वाटतं. त्याहून बरं म्हणजे आकडा आधी भरायचा आणि लिंका सगळ्यात शेवटी बनवायच्या.

दुसरं ठिकाण म्हणजे गाठोडं बांधणं आणि हलवणं. टार लिंका लिंकाच ठेवतं, -एच दिलं तर नाही. झिप उलटं: मुळात लिंकमागची फाइल घेतं, लिंक ठेवायची तर -वाय द्यावं लागतं. ‘एससीपी -आर’ लिंकांच्या मागे जाऊन खऱ्या फाइली आणतं. ‘आरसिंक -ए’ लिंका जपतं, पण नुसतं -आर दिलं तर त्या वगळून पुढे जातं. पायथनची व्हील (पॅकेजची फाइल) म्हणजे झिपच आणि तिच्यात सिमलिंकला जागा नाही. एनपीएमचं (नोडच्या पॅकेज साधनाचं) पॅकेजही सिमलिंक आत घेत नाही. त्या दोन्ही जगांत कमांडची नावं मेटाडेटात जाहीर करायची असतात, पायथनमध्ये एंट्री पॉइंट आणि एनपीएममध्ये ‘बिन’ हा रकाना, आणि लिंक किंवा छोटी आवरण-स्क्रिप्ट इन्स्टॉल करणारं साधन बनवतं. तिथे सोर्समध्ये लिंका ठेवून झगडू नका.

गिट सिमलिंक नीट सांभाळतं. आत फक्त टार्गेटचा पाथ असतो आणि मोड १२०००० असतो. पण विंडोजवर सिमलिंक बनवायची परवानगी नसेल तर ‘कोअर.सिमलिंक्स’ बंद असतं आणि लिंकच्या जागी साधी फाइल येते. उघडून बघितली तर आत एकच ओळ, ../लिब/अबक/तपास, शेवटी नवी ओळसुद्धा नाही. अशा मशीनवर रिलीजचं गाठोडं बांधलं तर तीच फाइल लिनक्सवरच्या लोकांकडे जाते. इवल्याशा आकाराची ‘स्क्रिप्ट’ दिसली की आधी हे तपासा.

स्क्रिप्टला स्वतःचं घर सापडत नाही

लिंक शाबूत, टार्गेट शाबूत, तरी स्क्रिप्ट म्हणते की शेजारची लायब्ररी फाइल सापडत नाही. सोर्समधून थेट चालवली तर चालते. याचं कारण लिंकमधून चालवताना शेल स्क्रिप्टला स्वतःचं नाव म्हणून लिंकचा पाथ मिळतो. त्यावर ‘डिरनेम’ चालवलं की उत्तर /यूएसआर/बिन, आणि तिथे लायब्ररी नसते. आधी ‘रीडलिंक -एफ’ने लिंक सोडवा आणि मग डिरनेम घ्या. मॅकओएसच्या १२.३ आधीच्या आवृत्त्यांत रीडलिंकला -एफ नव्हतं, तेव्हा जुन्या मशीनही सांभाळायच्या असतील तर नुसतं रीडलिंक घेऊन, लिंक संपेपर्यंत फिरणारं छोटं लूप लिहावं लागतं.

इतर भाषांची तऱ्हा वेगवेगळी. पायथन मुख्य स्क्रिप्टची लिंक सोडवून तिची खरी डिरेक्टरी इम्पोर्टच्या यादीत घालतो, म्हणून शेजारचं मॉड्यूल सापडतं. पण स्क्रिप्टमध्ये स्वतःची फाइल विचारली तर उत्तर लिंकचंच येतं, आणि डेटा फाइली शोधताना घात होतो. तिथे रिझॉल्व्ह करून घ्या. पर्लच्या फाइंडबिनमध्ये ‘बिन’ आणि ‘रिअलबिन’ अशी दोन उत्तरं आहेत, दुसरं हवं. नोड नेहमीच्या वागण्यात खऱ्या पाथवरूनच मॉड्यूल शोधतं.

एकच स्क्रिप्ट अनेक नावांनी चालत असेल, बिझीबॉक्ससारखी, तर क्रम जपा: कोणत्या नावाने हाक मारली ते आधी नोंदवा, लिंक नंतर सोडवा. उलटं केलं तर सगळ्या कमांडी एकाच नावाने ओळखल्या जातात.

डिरेक्टरीची लिंक झाली, किंवा उलटं

२.४ मध्ये /यूएसआर/लिब/अबक/स्क्रिप्ट्स ही डिरेक्टरी होती, २.५ मध्ये ती दुसरीकडे बघणारी लिंक केली. नव्या मशीनवर छान, अपडेटवर बोंब. डीपीकेजी डिरेक्टरीच्या जागी लिंक किंवा लिंकच्या जागी डिरेक्टरी कधीच आपणहून बसवत नाही. जे आहे ते तसंच ठेवतं आणि मुकाट पुढे जातं. ‘डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्पर’मध्ये दोन्ही दिशांसाठी तयार कमांडी आहेत, त्या प्रीइन्स्ट, पोस्टइन्स्ट आणि पोस्टआरएम अशा तिन्ही ठिकाणी लिहाव्या लागतात. आरपीएम इथे गप्प बसत नाही, व्यवहारच मोडतो. तिथे जुनी डिरेक्टरी %प्रीट्रान्समध्ये (व्यवहार सुरू होण्याआधी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये), लुआ भाषेत लिहिलेल्या तुकड्याने आधी हलवावी लागते. लुआ अशासाठी की पहिल्याच इन्स्टॉलमध्ये त्या टप्प्यावर शेल असेलच असं नाही. शक्य असेल तर असा बदलच करू नका. नव्या मांडणीला नवं नाव द्या.

/बिन आणि /यूएसआर/बिन एकच झाल्यावर

फेडोराने १७ व्या आवृत्तीत, २०१२ मध्ये, /बिन ही /यूएसआर/बिन ची लिंक केली. डेबियनवर २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून हीच एक मांडणी अधिकृत आहे. जुन्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये मात्र अजूनही अशी ओळ सापडते: ‘एलएन -एसएफ /यूएसआर/बिन/अबक /बिन/अबक’. पूर्वी ती निरुपद्रवी होती. आता दोन्ही पाथ म्हणजे एकच जागा, त्यामुळे ही ओळ खरी फाइल उडवून तिच्या जागी स्वतःकडेच बघणारी लिंक ठेवू शकते. मग संदेश येतो ‘टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स’. लिनक्स एका पाथमध्ये ४० लिंकांपर्यंत पाठलाग करतो आणि सोडून देतो. हा संदेश दिसला की साखळी लांब आहे असं समजू नका, ती गोल आहे.

पर्यायांची यंत्रणा आणि हातचलाखी

एकाच नावाच्या कमांडसाठी अनेक पॅकेजं असतील तर ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ लागतं. इथे /यूएसआर/बिन मधली लिंक /ईटीसी/अल्टरनेटिव्ह्ज मधल्या लिंककडे आणि ती खऱ्या स्क्रिप्टकडे बघते. कुणी ही मधली लिंक हाताने वळवली की यंत्रणा ते ओळखते, एक इशारा छापते आणि तो गट मॅन्युअल करून टाकते. त्यानंतर नव्या आवृत्तीचा अग्रक्रम कितीही वरचा असला तरी लिंक वळत नाही. ‘डिस्प्ले’ पर्यायाने स्थिती बघा आणि ‘ऑटो’ने परत स्वयंचलित करा.

आवृत्ती पालटताना

‘चालू’ लिंक पुसून नवी बनवली तर मधल्या क्षणी तिथे काहीच नसतं, आणि नेमक्या त्याच क्षणी क्रॉनचं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) एखादं काम येऊन आपटतं. काही एलएन हे अंतर स्वतःच टाळतात, सगळी नाही. वेगळ्या नावाने नवी लिंक बनवा आणि कॅपिटल टी देऊन ‘एमव्ही’ने जुनीवर आणा. रिनेम हे एका झटक्यात होतं. बघणाऱ्याला जुनी तरी दिसते किंवा नवी तरी.

पण लिंक नीट पालटली म्हणून चालू असलेल्या स्क्रिप्ट सुखरूप असतात असं नाही. बॅश स्क्रिप्ट सगळी एकदम वाचून ठेवत नाही, चालता चालता पुढचा भाग वाचतो. आवृत्तीच्या वेगळ्या डिरेक्टऱ्या असल्या तर उघडलेली फाइल जुनीच राहते, म्हणून ते निभतं. मात्र तीच स्क्रिप्ट पुढे ‘चालू’मधून दुसरी स्क्रिप्ट बोलावत असेल तर अर्धं काम २.४ चं आणि अर्धं २.५ चं होतं. सुरुवातीलाच लिंक एकदा सोडवून तोच पाथ शेवटपर्यंत वापरा, आणि जुनी डिरेक्टरी लगेच पुसू नका.

बिल्डमध्येच पकडायचं तर

स्टेजिंगवर ‘फाइंड’ला ‘एक्सटाइप एल’ दिलं की टार्गेट नसलेल्या लिंका छापल्या जातात. यादी रिकामी नसेल तर बिल्ड पाडा. एवढं केलं तरी पूर्ण पाथाच्या लिंका हुलकावणी देतात. स्टेजिंगमधली लिंक /यूएसआर/लिब/अबक/तपास कडे बघत असेल तर फाइंड ती स्टेजिंगमध्ये शोधत नाही, बिल्ड मशीनच्या खऱ्या /यूएसआर मध्ये शोधतं. त्या मशीनवर अबकची आधीची आवृत्ती टाकलेली असली की चाचणी पास. टार्गेट पॅकेजमध्ये मुळीच नसलं तरी पास. आणि उलट, लिंक बरोबर असून मशीन कोरं असलं तर नापास. म्हणून ही तपासणी स्टेजिंगमध्ये सीएचरूट करून (म्हणजे तीच डिरेक्टरी मूळ धरून) किंवा कोऱ्या कंटेनरमध्ये पॅकेज टाकून करावी. दुसऱ्या पॅकेजमधल्या फाइलकडे बघणाऱ्या लिंका असतील तर ते पॅकेज अवलंबित्वात लिहिलेलं आहे का तेही तिथेच कळतं.

अपडेटची चाचणी बहुतेक ठिकाणी एकच उडी मारून संपते: मागची आवृत्ती टाका, आजची चढवा, कमांड चालते का बघा. त्यात तपासली जाते ती मागच्या पॅकेजची काढणारी स्क्रिप्ट. आजच्या पॅकेजमधली काढणारी स्क्रिप्ट पुढच्या रिलीजपर्यंत एकदाही चाललेली नसते. म्हणून आजच्याच सोर्सवरून फक्त आवृत्तीचा आकडा एकाने वाढवून आणखी एक पॅकेज बांधा आणि आजच्यावर ते चढवा. दोन्ही उड्यांनंतर यादीतल्या प्रत्येक नावावर ‘रीडलिंक -ई’ चालवा. टार्गेट नसेल तर ते अपयशाचा कोड देतं. शेवटी पॅकेज काढून टाका आणि /यूएसआर/बिन मध्ये अबकच्या नावाचं काही उरलंय का बघा.